मासोळ्यांना आलेली माता

अमरावती
कार्तिक वद्य द्वितीया, शके १७८६

नत्थुजी व्याही यांस खुशालरावाचा रामराम.

आमच्या घरी माता आली आहे. शेजारच्या पार्बताबाईंनी काल सकाळी दिवा जवळ नेऊन पाहिलं आणि शंका ठेवू नका म्हणाल्या. आमच्या गल्लीत माता कोणाकडे आली आणि केव्हा गेली हे त्याच ठरवतात, त्यामुळे पुढे विचारायला जागा राहिली नाही. सहाच्या सहा जणांच्या अंगावर देवीचे रव्याएवढे पांढरे दाणे उठले आहेत. खाणं टाकलं आहे. अंग चोरून एका कोपऱ्यात पडून असतात.

तेव्हा शकुनला न्यायला जावईबापू येत्या सोमवारी निघणार होते, त्यांना थांबवा. माता घरात असताना घरचं माणूस उंबरठा ओलांडत नाही आणि बाहेरचं आत येत नाही, हे मी तुम्हांला सांगायला नको. दिवाळीला माहेरी आलेली लेक थोडी जास्त राहिली म्हणून काही बिघडत नाही. तुमच्याकडच्या खाऱ्या पाण्याने तिचे केस राठ झाले होते, ते इथे आल्यापासून जरा बरे दिसतात असं तिची आई म्हणते. मी आपलं कानावर घातलं.

कापसाचा भाव अजून चढणार अशी मुंबईची बातमी आहे. विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेना, तोवर आपल्याला हे दिवस.

खुशालराव


हिंगणखेड, बाळापूरजवळ
कार्तिक वद्य षष्ठी

खुशालराव,

पत्र शेतातच हाती पडलं. वेचणीच्या आधी शेताला दहीभात वाहायचं सीतादही चाललं होतं. मी वाचून दाखवलं तशी आशाबाईने, भगवंताच्या आईने, दहीभाताचं ताट तिथेच ठेवलं आणि बाळापूरच्या देवीला पातळ बोलून मोकळी झाली. वेचायला आलेल्या बायासुद्धा हळहळल्या.

मग घरी आल्यावर आम्ही बोटांवर मोजलं. तुम्ही, विहीणबाई, शकुन आणि तुमच्या मातोश्री. हे झाले चार. कारकून रामराव जेवायला आपल्या घरी जातात. मग सहा कोण? आणि सगळेच अंग चोरून कोपऱ्यात पडले असतील तर पत्र कोणी लिहिलं? खुलासा यावा. आशाबाईच्या घशाखाली घास उतरत नाही.

शकुनची तब्येत बरी असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण इकडे तिच्यावाचून अडलं आहे. गोड पाण्याचा झिरा नदीत आहे, कोसभर लांब. गावच्या विहिरीचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही हे तुम्हीच चारचौघांत सांगत असता. आशाबाईचे गुडघे धरले आहेत. सून होती तेव्हा डोक्यावर तीन खेपा आणायची. त्यात विशेष काही नाही, गावच्या सगळ्याच बाया आणतात.

तुमच्या जावयाचं, भगवंताचं, कशात लक्ष नाही. परवा त्याने बैल जुंपले आणि स्वतः गाडीत बसायचं विसरला. बैल बांधापर्यंत जाऊन, कोणी हाकत नाही असं पाहून परत आले.

नत्थुजी


अमरावती
कार्तिक वद्य एकादशी

नत्थुजी यांस,

आम्ही सर्व माणसं खुशाल आहोत. रोगी कोण ते मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं. ते माझे मुंबईचे सोनेरी मासे.

यंदा कापूस घेऊन मुंबईला गेलो होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. ज्याच्या हाती पैसा आला तो गाडीच्या चाकांना चांदी मढवतो आहे. मी म्हटलं, शेणात चांदी घालण्यापेक्षा डोळ्यांना दिसेल असं काही घ्यावं. एका दुकानात काचेची पेटी होती, हातभर लांब, आणि तिच्यात पाण्यात पणत्या पेटवाव्या तशा सहा मासोळ्या. दिवाळीत दुकानाचा माणूसच पेटी घेऊन आला. रूळ संपले तिथून पुढे बैलांच्या दमणीत बसून मांडीवर धरून आणली. दोन दिवस राहून निगा कशी ठेवायची ते सांगून गेला. मी तेव्हा अडत्यांच्या गडबडीत होतो. घरच्यांनी ऐकलं असेल.

मी त्यांना रोज बालुशाहीचा चुरा घालत असे. थंडी पडली आणि हे दाणे उठले. दगडाला अंग घासतात, वर येऊन तोंड वासतात. पार्बताबाईंना मी सरळ विचारलं, की मासोळीला माता येते का. त्या म्हणाल्या, "जिले अंग हाये तिले येते. तुमाले काय वाटलं, मानसाचीच मिरास हाये?"

तेव्हापासून सगळं रीतीप्रमाणे चाललं आहे. पेटी आतल्या अंधाऱ्या खोलीत ओल्या वाळूवर ठेवली आहे, कारण मातेला थंडावा लागतो. पाण्यात कडुनिंबाचा पाला आहे. घरात फोडणी बंद आहे. मातेच्या रोग्याच्या जवळ मीठ नेत नाहीत म्हणून मिठाचा डबाही शेजारी दिला. मी दाढी केलेली नाही. कापसाच्या पेढीचा मुनीम काल दाराशी आला आणि मलाच म्हणाला, मालक आहेत का.

शकुन दिवसभर पेटीपाशी बसून असते. माता जाईपर्यंत तिला हलवणं नाही. तुम्ही हसाल, पण रीत ती रीत.

खुशालराव


हिंगणखेड
मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

खुशालराव,

मी हसलो नाही. आशाबाई हसली, आणि मग देवीला बोललेलं पातळ मासोळीच्या नावाने नेसवायचं की कसं, म्हणून चिंतेत पडली. गावात मी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी पारावर मला विचारतात, तुमच्या इवायाच्या मासोळ्यांनी आज पेज घेतली का.

मासोळ्यांपायी मी सून अडवून ठेवू देणार नाही, असं लिहायला बसलो होतो. पण इकडे घरातच नवं झालं आहे, त्यात तुमचा सल्ला पाहिजे.

भगवंताने गाडी पाण्याला लावली. आठवा, दिवस कोणते आहेत. अकोल्याच्या बाजाराला गाडी मिळत नाही म्हणून लोक एकमेकांच्या पाया पडतात. गाडीवाले नवरदेवासारखे वागतात. अशा दिवसांत या मुलाने आमची कापसाची गाडी रिकामी केली, तिच्यात घागरी आणि डेरे कडब्याने आवळून बसवले आणि पहाटेच झिऱ्यावर गेला. बायांच्या रांगेत हा एकटा पागोटंवाला. बायांनी त्याला 'पानक्या' म्हणून हाक मारली, तर त्यांच्याही घागरी गाडीत घालून गावात आणल्या.

मी बोललो. चांगलाच बोललो. तो घागरी उतरवत होता, मान वर न करता म्हणाला, "कापूस दोन दिवसानं अकोल्याले गेला तरी कापूसच राह्यते, बाबा. बायकोले आनाचं असन तर आंधी पानी आना लागते."

आता याचा अर्थ काय लावायचा? पाण्याचा आणि बायकोचा काय संबंध? तुमचं तो ऐकतो. दोन शब्द लिहा, की गाडीचं काम गाडीला आणि बाईचं काम बाईला. शकुनला मात्र यातलं काही कळू देऊ नका. नवरा झिऱ्यावर पाणी भरतो हे ऐकून तिला लाज वाटेल.

नत्थुजी


अमरावती
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

(मनकर्णाबाईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. हस्ताक्षर रामराव कारकुनाचं.)

इहिणबाई आशाबाईले मनकर्णाचा रामराम.

तुमच्या मालकाचं पत्र आमच्या मालकानं ओसरीवर मोठ्यानं वाचलं. शकुनले कळू देऊ नका, हेही मोठ्यानंच वाचलं. पोट्टी आतून आयकत होती. बाहेर आली, पत्र पुन्हा वाचाले लावलं. पेटीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मले म्हन्ते, माय, मुंबईचा मानूस सांगत होता, मासोळीच्या अंगावर पांढरे दाने आले तर ते दाने जिते राह्यतात. उवा असतात तशातली गत. ते अंगावरून झडतात, तळाले जातात, तिथं त्यायले पिल्लं होतात आन् तेच पुन्हा अंगावर चढतात. म्हनून पानी खारं करा लागते, ऊब द्या लागते, आन् तळाचं पानी रोज फेका लागते. थंड केलं तर ते वाढतातच.

मी म्हटलं, मंग इतके दिवस काहून नाही बोलली वं? आमी बिनफोडनीचं वरन खाऊन राहिलो, तुया बाप अस्वलासारखा दिसून राहिला, अन् तू बसून पाहून राहिली? तं म्हन्ते, आठोलंच नाही. आशाबाई, तुमी आन् मी बी सुना होतो. तुमाले जे समजाचं ते समजा.

आता मीठ कसं घालाचं? घरात माता. पार्बताबाई तं मिठाचं नाव काढू देत नाही. शकुन स्वता तिच्याजवळ जाऊन बसली. तिले म्हने, आपून मीठ घालाचं नाही, ते बरोबर. पन जिथल्या हिरीचं पानीच खारं हाये तिथं मीठ कोनी घातलं म्हनाचं? आता पार्बताबाईचं आयका. तिलेबी आमच्याकडे जेवाले बसा लागते, फोडनी तिलेबी नाही. मंग तिनं डोये मिटले आन् सांगतलं का मातेले बाळापूरच्या देवीले भेटाले जा वाटते.

तं असं ठरलं. मासोळ्या तुमच्याकडे येतात. मालक म्हन्ते, शकुनबगर मी त्या कोनाच्या हाती देत नाही, तं शकुन बी येते. पुंजाराम गाडीवान संग हाये. मासोळ्या न्याले मालकानं चांदीचा गडवा काढला होता, पोट्टी म्हने माठच पाह्यजे. मालकाले असं वाटते का मासोळ्या बऱ्या झाल्या का त्या आन् शकुन परत येतीन. वाटू द्या त्यायले.

(लिहिणाऱ्याकडून: धाकात राहूनही कळवतो, की गाडी गल्लीच्या टोकाला वळायच्या आत स्वयंपाकघरात लसणीची फोडणी पडली.)


हिंगणखेड
मार्गशीर्ष वद्य नवमी

खुशालराव,

मासोळ्या बऱ्या आहेत. हे माझं मत नव्हे. बाळापूरचे हकीम आले होते, त्यांनी डोणीशी बसून पाहिलं आणि अंगावर एकही दाणा नाही असं सांगितलं. मासोळीची नाडी कुठे असते हे मी विचारलं, त्यावर ते पानसुपारीची वाट पाहू लागले.

डोण म्हणजे आमच्या बैलांची पाणी प्यायची दगडी डोण. तुमची काचेची पेटी इथे कशाला. शकुनने उतरताच भगवंताकडून ती डोण घासून घेतली. पहिल्या दिवशी अर्धं तुमचं पाणी, अर्धं विहिरीचं. मग विहिरीचंच. दिवसा उन्हात. सूर्य कलला की वर गोणपाट आणि चारी बाजूंनी सरकीचा ढीग. सरकीत हात घालून पाहा, कोंबडीच्या पंखाखाली असतं तसं उबदार लागतं. तळाचं पाणी रोज काढून उकिरड्यावर. पाल्याचं आणि बालुशाहीचं नाव नाही. विहिरीच्या काठच्या डबक्यात डासांच्या अळ्या असतात त्या फडक्याने गाळून घालते, मोजक्या.

आठवड्यात दाणे झडले. मी आनंदाच्या भरात गावात गूळ वाटला. त्यानंतर दाणे पुन्हा उठले. गूळ परत मागता येत नाही. मी पारावरून जाणं सोडलं. पण शकुन म्हणाली, हे होणारच होतं, तळाची पिल्लं वर आली, आता त्यांना चढू द्यायचं नाही. तिने पाणी फेकणं दुप्पट केलं. त्यानंतर आजतागायत अंग आरशासारखं आहे, आणि खाण्यावर अशा तुटून पडतात की वाढ रोजच्या रोज दिसते. येताना बोटाएवढ्या होत्या, आता दोन बोटांएवढ्या भरल्या आहेत. ज्या पाण्याला तुम्ही नाव ठेवत होता त्याच पाण्यावर. मी आपलं कानावर घातलं.

पाच मासोळ्या उत्तम आहेत. सहावीबद्दल समक्ष बोलू.

नत्थुजी


अमरावती
मार्गशीर्ष अमावास्या

नत्थुजी यांस,

पत्र वाचून आनंद झाला. शेवटची ओळ वाचून कमी झाला. सहावीबद्दल पत्रातच लिहावं.

माता गेल्याचं पार्बताबाईंनी जाहीर केलं, दाढी झाली, मुनीम आता ओळखतो. पण घर रिकामं वाटतं. पेटी ओसरीवर आहे, लोक येतात, तिच्यात डोकावतात आणि माझ्याकडे पाहतात. शकुनची आई स्वयंपाक करताना दोन भाकरी जास्त टाकते.

मी विचार केला आहे. खाऱ्या पाण्यातली गोम मीठ आणि ऊब एवढीच असेल तर मीठ अमरावतीच्या बाजारात मिळतं आणि ऊनही पडतं. मासोळ्यांना हिंगणखेडला ठेवण्याचं कारण उरत नाही. आणि त्यांची निगा शकुनच करू जाणे, हे तुमच्या पत्रावरूनच सिद्ध होतं. तेव्हा दोन्ही मी परत आणतो. तिथे डोक्यावर घागरी वाहण्यापेक्षा माझी पोरगी माझ्या घरी मासोळ्या सांभाळेल. जावईबापूंनी हवं तर इथे यावं. माझ्या सरकी काढायच्या जिनाच्या कामाला विश्वासाचा माणूस पाहिजेच आहे. घरजावई हा शब्द मी वापरत नाही, तुम्हीही वापरू नये.

रागावू नका. तुम्हांला तीन मुलं आहेत. मला ही एकच.

पौष पौर्णिमेला, गुरुवारी, तुमच्याकडे पोचतो. माठ रिकामा करून ठेवावा. पिण्याचं पाणी मी माझं आणीन, त्रास घेऊ नये.

खुशालराव


हिंगणखेड
पौष शुद्ध पंचमी

खुशालराव,

सहावी बरी झाली होती, हे आधी नमूद करतो. बरी झाली म्हणूनच ऐटीत पाण्यावर पोहत होती. बाभळीवरच्या खंड्याने पाहिली. रोगाने गेली नाही, खंड्याने नेली. त्या खंड्याने तेवढी महाग न्याहारी जन्मात केली नसेल. तेव्हापासून डोणीवर जाळं आहे.

आता तुमचं दुसरं. तुमचं पत्र मी शकुनला वाचून दाखवलं. मागच्या खेपेला लपवायला सांगितलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं, म्हणून या वेळी सरळ वाचलं. घरजावयाची ओळही वाचली. भगवंत तिथेच होता. तो उठून बैलांकडे गेला. आशाबाई चुलीशी होती. मी तुम्हांला खरं लिहितो, त्या घटकेला मला भीती वाटली. सून जाईल आणि तिच्या मागे मुलगा जाईल, आणि तुम्ही लिहिलंत त्यात काही खोटंही नव्हतं. घागरी ती वाहत होतीच. मीच लिहिलं होतं ना, त्यात विशेष काही नाही म्हणून.

शकुनने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, "मामंजी, मासोळ्या बाबांच्या हायेत, त्यायले नेऊ द्या. निगा कशी कराची ते त्यायले दाखवून देईन, त्यायच्यानंही होते. मले इथंच राहाचं हाये. पन पान्याची गाडी कापसासाठी सुटली तं मी बी सुटली."

मी आशाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, तिच्याकडे पाहा, माझ्याकडे काय पाहता. म्हणून मी शकुनसमोर कबूल झालो, की झिऱ्यावरून पाणी आल्यावाचून आमची गाडी अकोल्याची वाट धरणार नाही, भाव कितीही चढो. भगवंत गोठ्यातून ऐकत होता. त्याने बैलांना चारा टाकला तो दुप्पट टाकला.

गावात आता आणखी चौघांनी गाडी पाण्याला लावली आहे. त्यांच्या बायकांनी लावायला लावली. पारावर मला कोणी मासोळ्यांबद्दल विचारत नाही, शिव्या देतात.

पाच मासोळ्या गुरुवारी तयार असतील, माठात, उन्हात ऊब घेतलेल्या. पिण्याचं पाणी आणू नका. आणलंत तर बैलांना पाजू. तुम्ही पोचाल तेव्हा भगवंत झिऱ्यावरून परतत असेल, मी डोणीशी असेन आणि आशाबाई तुमच्यासाठी गोड्या पाण्यात शिजवलेलं वरण उतरवत असेल. शकुन दारात उभी राहणार आहे, असं तिने मला सांगून ठेवलं आहे. तिला काय म्हणायचं ते वाटेत ठरवून या. घाई करू नका, रस्ता लांब आहे. तिचं ठरलेलं आहे.

नत्थुजी